कोहळा घेऊन बसलेला माणूस

विजयादशमीच्या सकाळी शेषाद्रीरावांनी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, गाडीत बसून किल्ली फिरवली, आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांमधल्या काळ्या पट्टीवर एक लाल माणूस मांडीवर कोहळा घेऊन बसला. तो रोजच येत असे. पण रोज पाच-सहा सेकंद बसून निघून जाई. त्या दिवशी लिंबं चिरडून झाली, गाडी फाटकाबाहेर गेली, कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयार गणपतीला नमस्कार करून परत फाटकाशी आली, तरी तो बसूनच होता.

"तुळसे," शेषाद्रीराव खिडकीतून आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "अमी कोहळा फोडलों न्हीं. म्हणून हा आला."

तुळसीमामींना हे लगेच पटलं. दर वर्षी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, दृष्ट काढायला फाटकासमोर कुंकू भरलेला कोहळा फुटत असे. यंदा चेन्नईतल्या अड्यारच्या त्या गल्लीतल्या रहिवासी संघाने नोटीस लावली होती की रस्त्यावर कोहळे फोडू नयेत, दुचाक्या घसरतात. त्यामुळे कोहळा जिन्याखाली अखंड राहिला होता. आता गाडीत एक माणूस अखंड कोहळा घेऊन बसला, यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी तनया ऑफिसला निघाली होती. ती कऱ्हाडची. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन दोन वर्षांपूर्वी चेन्नईला आली होती आणि शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत एअरबॅगचं सॉफ्टवेअर तपासत होती. गाडी धडकली की बॅग फुगवायची की नाही हे वीस मिलिसेकंदांत ठरवणारं ते सॉफ्टवेअर. दोन वर्षांत तिने चार हजारांहून जास्त एअरबॅगा फुगवल्या होत्या. एकही पाहिली नव्हती. टेबलावर बॅगेच्या जागी दोन ओहमचा एक रेझिस्टर लावलेला असे, शेंगदाण्याएवढा, आणि सॉफ्टवेअर त्यालाच बॅग समजून काम करत असे.

तिने खिडकीतून आत पाहिलं.

"मामा, तो कोहळा नाही. ती एअरबॅग आहे."

"माणूस कोण मग?"

"माणूस म्हणजे आपण. किल्ली फिरवली की सिस्टिम स्वतःची तपासणी करते, तेवढा वेळ दिवा लागतो. सगळं ठीक असेल तर जातो. गेला नाही म्हणजे कुठेतरी बिघाड सापडलाय."

"कुठें?"

"ते दिवा सांगत नाही. एवढंच सांगतो की आता अपघात झाला तर बॅगेवर विसंबू नका."

शेषाद्रीरावांनी किल्ली बंद केली. लाल माणूस गेला. त्यांनी पुन्हा फिरवली. तो आला.

"जननी पुढल्या ऐतवारीं येते," ते म्हणाले, आणि घरात गेले.

फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद होता, त्याची गोष्ट तनयाला ठाऊक होती. जुलैमध्ये शेषाद्रीरावांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. बंगळूरहून मुलगी जननी आली आणि म्हणाली, अप्पा, आता गाडी पुरे. भांडण दोन दिवस चाललं. शेवटी शेषाद्रीरावांनी करार लिहून काढला, कारण वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला तोंडी बोलणं हे बोलणं वाटत नाही. करार एका वाक्याचा होता: 'यापुढें गाडींत कोणताही दिवा पेटून राहिल्यास किल्ली जननीकडे.' खाली दोन सह्या.

किल्ली गेली तर काय जाणार होतं, तेही तनयाला ठाऊक होतं. मामींचा एक गुडघा बदललेला होता आणि दुसरा बदलायला त्या तयार नव्हत्या. रिक्षात त्यांना चढता येत नसे. मागच्या सीटवर पाय दुमडत नसे. फक्त या गाडीची डावी पुढची सीट, शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली, त्यांना चाले. दर शनिवारी सकाळी सहाला शेषाद्रीराव त्यांना बेसंट नगरला नेत, गाडी समुद्राकडे तोंड करून लावत, आणि दोघं काचा खाली करून फ्लास्कमधली कॉफी पीत. वाळूत उतरणं मामींनी चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. समुद्र सोडलेला नव्हता.

"परवा शनिवारी मामींना पुढे बसवू नका," तनया जाताजाता म्हणाली. "बिघाड कुठल्या बाजूला आहे ते कळेपर्यंत."

"आणि मागें तिचा पाय मावत न्हीं."

"हो."

"म्हणजे शनिवार गेला," शेषाद्रीराव म्हणाले. तक्रार नव्हती. नोंद होती.

*

शुक्रवारी संध्याकाळी जनकोजी आला. तो पलीकडच्या रस्त्यावर गाड्यांची वायरिंग करत असे. त्याचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पागेत होते असं तो सांगे, आणि त्याची मराठी पागेतच राहिली होती. शब्द मराठी, चाल तमिळ. त्याने लाल माणसाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"मामा, पाच मिनिटाचं काम आहे. ही गाडीं अस्की, सगळीच, अशी करते. रोज एक येते."

"काय करतोस?"

जनकोजीने खिशातून प्लास्टिकची डबी काढली. तिच्यातून एक रेझिस्टर काढून तळहातावर ठेवला. तनयाने तो ओळखला. रंगाचे पट्टेसुद्धा तेच. तिच्या टेबलाच्या खणात असे साठेक पडलेले होते.

"सीटखालचा पिवळा प्लग काढायचा, त्याच्यांत हें घालायचं. कंप्यूटरला वाटतं बॅग आहे. दिवा गेला."

"हे चालेल का, तनया?" शेषाद्रीरावांनी विचारलं.

तनयाला खोटं बोलायची सवय नव्हती.

"बिघाड त्या सर्किटमध्ये असेल तर चालेल, मामा. दिवा जाईल. आम्ही ऑफिसात रोज हेच करतो."

"पाहा!" जनकोजी म्हणाला. "मॅडमचा ऑफिस मोठा ऑफिस. एसी."

"आणि बॅग?"

"बॅग सीटमध्ये राहील. फुगणार नाही. तिच्याकडे वायरच नसेल."

"कंप्यूटरला वाटेल आहे."

"हो."

"आणि तुळसीला?"

"मामींनाही वाटेल आहे."

शेषाद्रीरावांनी जनकोजीच्या तळहातावरचा तो रेझिस्टर दोन बोटांत उचलून प्रकाशात धरला.

"कुंभकोणमला एक वाणी होता," ते म्हणाले. "पारड्याच्या खालीं मेण लावत होता. बोटाएवढं. काटा अगदी मध्यें उभा राहत होता, पाहून मन प्रसन्न होत होतं. सत्तावीस वर्षं झालीं, अजून तो वाणी मला आठवतो." त्यांनी रेझिस्टर डबीत परत ठेवला. "घेऊन जा, जनकोजी."

"मामा, पुढल्या ऐतवारीं अक्का येते मेणून सांगटलां तुमीच."

"येऊं दे."

दारात मामी उभ्या होत्या. त्यांना वेगळीच काळजी होती.

"आणि शुक्रवारीं सांजेला कोणी दिवा घालवतात काय?" त्या म्हणाल्या. "घालवूं नये. आपोआप डोंगर चढला तर चढूं दे."

तनयाने भुवया उंचावल्या. दिवा डोंगर चढतो हे तिने कऱ्हाडात कधी ऐकलं नव्हतं. तमिळमध्ये दिवा विझला असं म्हणत नाहीत, दिवा डोंगर चढला म्हणतात. मामींच्या आजेसासूबाईंनी ते कधीतरी उचलून मराठीत आणून ठेवलं होतं, आणि चार पिढ्या ते तिथेच होतं.

"कोणी घालवत नाहीये, मामी," ती म्हणाली. "तो का लागला ते आधी बघू."

*

रविवारी तिने ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर आणला. साधे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनशी बोलतात, हा एअरबॅगच्या युनिटशी बोलणारा होता. तिने तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला. शेषाद्रीराव शर्टाच्या खिशात पेन खोचून शेजारी उभे राहिले, खात्यातल्यासारखे.

पडद्यावर एकच ओळ आली. तनयाने ती मराठीत वाचून दाखवली: "डावी पुढची सीट, साइड एअरबॅग, सर्किटचा अवरोध जास्त."

"तुळसीची सीट."

"हो. युनिट दर थोड्या वेळाने बारीकसा करंट पाठवून बघतं. दोनेक ओहम दिसले की त्याला कळतं, बॅग आहे, वायर जोडलेली आहे. इथे जास्त दिसतायत. म्हणजे वायर तुटलीय, किंवा जोड नीट बसलेला नाही. बहुतेक वेळा सीटखालचा जोडच असतो. कोणी सीट पुढे-मागे करतं, खाली काही ठेवतं, धक्का लागतो. मामा, सीटखाली काही ठेवलं होतं का?"

"ठेवलों न्हीं," शेषाद्रीराव म्हणाले. त्यांचं उत्तर नेहमीप्रमाणे अचूक होतं.

तनयाने किल्ली काढून घेतली, फरशीवर गुडघे टेकले आणि टॉर्च सीटखाली धरला. हात लावायचा नव्हता. त्या प्लगच्या दुसऱ्या टोकाला स्फोटक असतं. बॅटरी सोडवून, थांबून, शिकलेल्या माणसानेच तो उघडायचा असतो. ती फक्त बघणार होती.

पिवळा प्लग जागेवर होता. त्याच्या मधोमध कुंकवाचं बोट होतं. प्लगच्या दोन अर्ध्यांच्या फटीतून काहीतरी फिकट, वाळलेलं बाहेर आलं होतं. तिने नाक जवळ नेलं. म्हैसुरी चंदन.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मामांना वाटलं पाठ धरली.

"मामा," ती सीटखालूनच म्हणाली, "आयुधपूजेला तुम्ही काय काय पुजलं?"

शेषाद्रीरावांनी यादी पाठ म्हणून दाखवली. पाटा, वरवंटा, विळी, मिक्सर, शिवणयंत्र, पितळी तराजू, इस्त्री, तनयाचा लॅपटॉप, गाडी. गाडीचं स्टिअरिंग, चारी चाकं, इंजिन, आणि एअरबॅग.

"एअरबॅग कशी पुजलीत?"

"तू सांगटलीस नव्हे, अष्टमीच्या दिवशीं?"

तनया उठून बसली. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांनी खरोखरच विचारलं होतं: अगे तनया, ह्या गाडीत खरी आयुधं कोणती? तिला प्रश्न फार आवडला होता. ऑफिसात असं कोणी विचारत नाही. तिने कॅलेंडरच्या जुन्या पानामागे अर्धा तास आकृती काढली होती. कंट्रोल युनिट इथे, सेन्सर इथे, सीटच्या कुशीत बॅग, सीटखाली तिचा प्लग. मामा, पिवळा प्लग दिसला की समजायचं एअरबॅगचा. तिने अवरोध सांगितला होता, मिलिसेकंद सांगितले होते, बॅगेतला वायू कोणता तेही सांगितलं होतं. आता ती एकेक वाक्य आठवून बघू लागली. 'त्याला हात लावायचा नाही' हे वाक्य त्यात कुठेही नव्हतं.

"पण बाहेरून कुंकू लावायचं ना, मामा. उघडलात कशाला?"

शेषाद्रीरावांना प्रश्न बालिश वाटला असावा.

"खात्यांत असतांना अमी शिक्का दांडीवर मारत होतों. तराजूच्या पेटीवर मारत नव्हतों. पेटीवर शिक्का मारून तराजू खरा होत न्हीं." ते थांबले. "प्लग म्हणजे पेटी. आंत दोन सुया होत्या. त्या दांडी. दोघींना लावलों. बाहेर पिवळा होताच, म्हणून हळद वांचली."

तनयाने डोळे मिटले. चंदन वाळलं की चांगला विद्युतरोधक होतो, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात आली. ती खरी होती आणि अजिबात उपयोगाची नव्हती.

"मामा, आता नीट ऐका. त्याला हात लावायचा नाही."

"हें अष्टमीला सांगायचं होतं."

"हो," तनया म्हणाली. "सांगायचं होतं."

*

गाडी बुधवारी वर्कशॉपमध्ये गेली. तिथल्या माणसाने बॅटरी सोडवली, चहा पिऊन आला, आणि प्लग उघडून बराच वेळ त्याचा वास घेतला. साफ करता येणार नाही, जोड नवाच बसवावा लागेल, असं तो म्हणाला. शुक्रवारी जोड बसला, नोंद पुसली गेली, आणि किल्ली फिरवल्यावर लाल माणूस आला, सहा सेकंद बसला, निघून गेला. शेषाद्रीरावांनी ते तीनदा करून पाहिलं.

"मी दोन गोष्टी तपासतों," त्यांनी वर्कशॉपच्या माणसाला समजावलं. "जातो का हें अस्के पाहतात. आला का हेंही पाहायचं. मुळांत आलाच न्हीं तर कोणी दिव्याचं तोंड बांधलेलं असतं."

हे तनयाने त्यांना शिकवलं होतं. त्यांच्या तोंडी ते चौतीस वर्षं जुनं वाटलं.

गाडी घरी आल्यावर त्यांनी दाखला मागितला. दुरुस्त झालेलं कुठलंही माप दाखल्याशिवाय बाजारात जात नाही. तनयाने कोऱ्या कागदावर लिहिलं: तपासणीची तारीख, बिघाडाचं ठिकाण, केलेली दुरुस्ती. 'कारण' या शब्दापुढे ती थांबली. जननीला आधीच वाटत होतं की अप्पांच्या हातात गाडी नको. अप्पांनी एअरबॅगचा प्लग उघडून आत चंदन भरलं हे वाचल्यावर तिला काय वाटेल याला फार कल्पनाशक्ती लागत नव्हती. तनयाने ऑफिसात रोज वापरायचे शब्द लिहिले: 'जोडामध्ये परकीय पदार्थ.'

त्यात खोटं काही नव्हतं.

शेषाद्रीरावांनी चष्मा लावून वाचलं.

"परकीय?"

"तांत्रिक भाषेत असंच म्हणतात, मामा. जे तिथे असायला नको ते."

"चंदन परकीय कसं? जनकोजीचं मेण तें परकीय."

"जनकोजीने मेण नाही—"

"तेंच तें." त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'परकीय पदार्थ' वर एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं 'चंदन, शेषाद्रीनें लावलेलं', आणि शेजारी बारीक सही केली, कारण खाडाखोडीवर सही लागते.

"मामा, किल्ली जाईल."

"दाखला खोटा असला तर किल्ली काय करायची?" ते म्हणाले. पण कागदाची घडी घालताना त्यांनी ती दोनदा चुकवली.

*

जननी रविवारी पहाटेच्या गाडीने आली. आधी तिने खांबाजवळचा जुना ओरखडा पाहिला, मग दाखला वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग वर पाहिलं.

"अप्पा, तुमी एअरबॅगचा प्लग उघडलात?"

"होय."

"सीरियसली? आम्मा बसते त्या सीटचा?"

"म्हणूनच. तुझी आम्मा बसते म्हणून."

"ह्यांना प्लग कुठे असतो हे सांगितलं कोणी?"

"मी," तनया म्हणाली. "आकृती काढून."

जननीने तिच्याकडे असं पाहिलं की तनयाला कऱ्हाडला जायची गाडी किती वाजता असते ते आठवलं.

"किल्ली द्या, अप्पा. दिवा आता गेला असेल. आठ दिवस होता ना? करार करार आहे."

शेषाद्रीरावांनी वाद घातला नाही. "देतों. दुरुस्ती पाहून घे. एक फेरी. मग देतों."

जननी फणकाऱ्याने डाव्या सीटवर बसली आणि दार आपटलं. तनया मागे बसली, कारण तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. शेषाद्रीरावांनी किल्ली फिरवली. लाल माणूस आला. सहाव्या सेकंदाला गेला. गाडी फाटकाबाहेर पडली, खांबाला न घासता, आणि वीस पावलांवर आत टुंगटुंग वाजू लागलं.

शेषाद्रीरावांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, किल्ली काढली आणि जननीच्या मांडीवर ठेवली.

"घे."

"काय झालं?"

"दिवा पेटला. ह्याही माणसाकडे पाहा. कोहळा न्हीं. छातीवर पट्टा आहे."

"अप्पा, तो सीटबेल्टचा आहे! मी लावला नाही म्हणून!"

"करारांत 'कोणताही दिवा' लिहिलं आहे. कोणामुळें पेटला तें लिहिलं न्हीं. तुझी सही आहे."

"पण हा काय बिघाड आहे का? ह्याचं कारण आपल्याला माहीत आहे!"

समोरून दूधवाला गेला. जननीला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं. मग तिने पर्समधून दाखला पुन्हा काढला आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोडलं कोणी?"

"मी. तिनें सभ्य लिहिलं होतं."

"'परकीय पदार्थ' राहू दिलं असतंत तर मी विचारलंही नसतं."

"म्हणून खोडलों."

जननीने पट्टा लावला. मग दाखल्याच्या मागे, मांडीवर कागद ठेवून, तिने लिहिलं: 'कारण न कळलेला दिवा पेटून राहिल्यास.' खाली सही. पेन अप्पांकडे दिलं.

"आणि अजून एक. पुढच्या आयुधपूजेला कुंकू बाहेरून. पेटीवरच."

चौतीस वर्षांच्या नोकरीत शेषाद्रीरावांनी पेटीवर शिक्का मारलेला नव्हता. त्यांनी समोरच्या काचेतून गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

"पेटीवर," ते म्हणाले, आणि सही केली. जननीने मांडीवरची किल्ली त्यांच्या हातात परत ठेवली, आणि गाडी फाटकाशी मागे आली.

फाटकात मामी काठी टेकून, केस विंचरून तयार उभ्या होत्या. एक शनिवार गेला होता, दुसराही गाडी तपासण्यात गेला होता. त्या रविवार सोडणार नव्हत्या.

"दिवा डोंगर चढला काय?"

"चढला, आम्मा," जननी म्हणाली, आणि उतरून मागे गेली.

मामी डाव्या सीटवर, शेवटच्या खाचेपर्यंत मागे, पाय लांब करून बसल्या. त्यामुळे मागे जागा थोडकीच उरली. तेवढ्यात त्यांना आठवलं की जिन्याखालचा कोहळा अजून तसाच आहे. रस्त्यावर फोडायचा नसला तरी वाळूत कोणी घसरत नाही. तो आणला गेला. डिकीत फुटेल, पायाशी लोळेल. शेवटी तो तनयाच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्याखालून तिचा पट्टा लावला.

शेषाद्रीरावांनी किल्ली फिरवली. चौघांनी मोजलं, जननीने जरा मोठ्याने. सहाव्या सेकंदाला पुढचा माणूस आपला कोहळा घेऊन गेला. मागची तशीच बसून राहिली.